आंबील ओढ्याच्या वाटेवरची घरं: कात्रज ते दांडेकर पूल

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या डोंगरांवर कोसळलेला पाऊस काही तासांतच पुण्याच्या ऐन वस्तीत शिरला. तो आला आंबील ओढ्यातून. कात्रज, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर, मित्रमंडळ कॉलनी, दांडेकर पूल अशी ओढ्याची वाट आहे आणि त्या रात्री या वाटेवरचा एकही भाग सुटला नाही. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं दगावली. कात्रज घाटापलीकडे खेड-शिवापूरला दर्ग्यात झोपलेले लोक वाहून गेले. शहर आणि आसपासचा भाग मिळून वीसहून अधिक बळी गेले. सकाळी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये मोटारी एकमेकींवर चढलेल्या होत्या आणि झोपडपट्टीत चिखलातून भांडी शोधणं चाललं होतं.

दुसऱ्या दिवसापासून दोन शब्द सगळ्यांच्या तोंडी होते, ‘ढगफुटी’ आणि ‘अतिक्रमण’. ढगफुटी म्हटलं की कुणाला काही विचारायचं उरत नाही. अतिक्रमण म्हटलं की बोट जातं ते थेट ओढ्याकाठच्या झोपडीकडे, कारण ती उघड दिसते. पण ओढ्याचं पाणी झोपडीपाशी तयार होत नाही. ते आठ-दहा किलोमीटर वरून येतं, आणि वर गेल्या तीस वर्षांत काय काय झालं ते पाहिल्याशिवाय खालच्या झोपडीबद्दल बोलणं मला पटत नाही. म्हणून या प्रकरणाची सुरुवात डोंगरावरून करतो.

डोंगर आणि त्याचं पाणी

पुण्याच्या दक्षिणेला सिंहगडापासून कात्रजकडे जाणारी डोंगररांग आहे. बसाल्टचे आडवे थर, मध्ये मुरूम, वर पातळ मातीचा पापुद्रा आणि गवत. असा डोंगर सहसा माळीणसारखा सबंध घसरत नाही, पण पाणीही फारसं मुरवत नाही. जोराचा पाऊस झाला की शेकडो छोट्या ओहोळांतून ते खाली धावतं. पेशव्यांनी हे नेमकं हेरलं होतं. 1750 च्या आसपास नानासाहेबांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत खेळवलं गेलं. नळातली हवा जायला वाटेत उच्छ्वास बांधले होते, त्यांतले काही अजूनही दिसतात. आंबील ओढ्याचा प्रवाहही त्याच काळात पर्वतीच्या पायथ्याशी वळवला गेला. म्हणजे ओढा सरळ करणं, वळवणं हा उद्योग नवा नाही. फरक इतकाच की तेव्हा पाण्याला पर्यायी वाट आधी करून देत.

शहराची वाढ आकड्यांत पाहिली तर पुणे महापालिकेची लोकसंख्या 1991 ला 15.66 लाख होती, 2001 ला ती 25.38 लाख झाली आणि 2011 ला 31.24 लाख. 1991 ते 2001 मधल्या उडीचा एक भाग हद्दवाढीचा आहे. 1997 मध्ये 38 गावं महापालिकेत आली, पुढे त्यांतली काही वगळून 23 उरली. कात्रज आणि धनकवडी त्यांत होती. गावं 1997 ला आली, पण तिथल्या डोंगरांचं काय करायचं हे ठरायला 2015 उजाडलं. त्या वर्षी राज्य सरकारने 978 हेक्टर डोंगराळ जमिनीवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण कायम केलं आणि मालकांना मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ केला.

मधली अठरा वर्षं डोंगर काही थांबून राहिले नाहीत. ज्याची जमीन बीडीपीत जाणार की नाही हेच ठरलेलं नाही, त्याच्यापुढे दोन पर्याय होते. सरकारची वाट बघायची, नाहीतर रोख घेऊन मोकळं व्हायचं. बहुतेकांनी काय केलं असेल हे सांगायला आकडेवारी लागत नाही, आंबेगाव पठार किंवा संतोषनगरची चढण चढून गेलं तरी कळतं.

एका एकराचा हिशेब

गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने जमीन विकण्याचा व्यवहार नीट समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण उलगडत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. गुंठा 1,089 चौरस फुटांचा. रीतसर बिगरशेती करून, ले-आउट मंजूर करून प्लॉट पाडायचे तर रस्ते नऊ मीटरच्या आसपास सोडायला लागतात, दहा टक्के मोकळी जागा ठेवावी लागते, नाल्याला दोन्ही बाजूंनी अंतर सोडावं लागतं. ढोबळ हिशेबाने चाळीसपैकी पंचवीस-सत्तावीस गुंठे विकायला उरतात, शिवाय मंजुरीत वर्षं जातात. गुंठेवारीत दहा-बारा फुटांचा मुरमाचा रस्ता टाकायचा आणि बाकी सगळं विकायचं. छत्तीस-सदतीस गुंठे सहज निघतात. हे जादा निघालेले दहा गुंठे म्हणजेच त्या एकरातला रस्ता, मैदान आणि ओढा.

विक्री कशी होते? मूळ शेतकरी स्वतः फारसा विकत नाही. प्लॉटिंगवाला विसार देऊन जमीन ताब्यात घेतो, एक पोकलेन लावून उतार टप्प्याटप्प्याने सपाट करतो, फक्कीने रेघा मारतो आणि कोपऱ्यावर बोर्ड लावतो. घेणारा असतो सोलापूर, लातूर, धाराशिव, बीडकडून आलेला गवंडी, पीएमपी बसचा ड्रायव्हर, कंपनीतला कंत्राटी कामगार, भाजीचा गाडा लावणारी बाई. भाड्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत दहा वर्षं काढून तो अर्धा गुंठा घेतो. त्याला फसवलं जातं असं म्हणणं अर्धंच खरं आहे. आपण काय घेतोय हे त्याला माहीत असतं, त्याच्या पैशांत तेवढंच मिळतं हेही माहीत असतं. ‘दादा, खालच्या लायनीत लाइट आलीय, आपल्याकडं दिवाळीपर्यंत येतीय,’ एवढ्या भरवशावर व्यवहार होतो, आणि लाइट खरंच येते.

1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे ठरावीक क्षेत्रापेक्षा छोटा तुकडा स्वतंत्र विकता येत नव्हता. त्यावर लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे अकरा गुंठ्यांचं खरेदीखत अकरा जणांच्या नावे. सातबाऱ्यावर नावं समाईक लागतात, कोण कुठे बसलंय हे मात्र कागदावर कुठेच नसतं. ज्यांना तेही जमत नाही ते पाचशेच्या स्टँपवर नोटरी करतात, सोबत साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र. बँक अशा कागदांवर कर्ज देत नाही, म्हणून घर एकदम उभं राहत नाही. आधी पत्र्याची खोली, मग भिशी लागली की स्लॅब, मुलाचं लग्न ठरलं की वरचा मजला. मंजूर नकाशा नाही, त्यामुळे पाया किती खोल हे गवंड्याच्या अंदाजावर, आणि तोच गवंडी शेजारी राहत असतो.

आता उताराकडे बघा. पोकलेनने टप्पे पाडताना वरच्या बाजूचा मुरूम खालच्या बाजूला लोटला जातो. खालची बाजू म्हणजे बहुधा ओहोळ. पावसाळ्याचे चार महिने वाहणारा, एरवी कोरडा आणि काटेरी झुडपांनी भरलेला तो ओहोळ भरावाखाली जातो आणि त्याच्यावरही दोन-तीन प्लॉट बसतात. ते जरा स्वस्तात जातात, बस्स.

हे सगळं सरकारच्या नकळत होतं असं कुणी म्हणत असेल तर त्याने सातबारा उघडून बघावा. त्यात ‘पोटखराब’ असा एक रकाना असतो. पोटखराबाचे दोन वर्ग आहेत. ‘अ’ म्हणजे खडकाळ, लागवडीला न येणारी जमीन. ‘ब’ म्हणजे सार्वजनिक कामासाठी वगळलेली, रस्ता, तळं किंवा वाहत्या ओढ्याखालची. म्हणजे कित्येक गटांमध्ये ओढ्याचं क्षेत्र गुंठे-आणे मोजून आधीपासून लिहिलेलं आहे. गावनकाशावर त्याची रेघ आहे, मोजणीच्या जुन्या टिपणात मोजमाप आहे. प्लॉट पाडणारा तो रकाना वाचून दाखवत नाही, घेणारा विचारत नाही, आणि समाईक खरेदीखत नोंदवताना तो तपासणं कुणाचंच काम नसतं.

कच्च्या घराचे पक्के कागद

घर उभं राहिलं की सरकार येतं, पण खात्याखात्याने. महावितरण मीटर देतं. महापालिका घरपट्टी लावते, अनधिकृत म्हणून तिप्पट लावते, आणि घरमालक ती पावती प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो, कारण त्याच्या लेखी तोच मालकीचा पुरावा. आधार, रेशनकार्ड, मतदारयादी होतेच. निवडणुकीआधी नगरसेवक निधीतून गल्लीत काँक्रीट होतं. त्या काँक्रीटखाली ड्रेनेजची लाइन टाकतात. ती नेऊन सोडायला सोयीची जागा ओढ्याचीच, म्हणून ओढ्याच्या पात्रातच कमरेएवढे चेंबर उभे राहतात. पुण्यातल्या कुठल्याही ओढ्यात वाकून बघा, पात्राच्या मधोमध हे चेंबर दिसतील. पूर आला की त्यांना फांद्या, गाद्या, प्लास्टिक अडकतं आणि पाणी शेजारच्या घरात वळतं. ते काँक्रीट, ती लाइन, ते चेंबर सगळं टेंडर काढून झालेलं असतं.

मला वाटतं या प्रकरणातली कळीची गोष्ट ही आहे. आपण अनधिकृत वस्तीला शासनाबाहेरची वस्ती समजतो. प्रत्यक्षात शासनाने तिला मीटर, नळ, कर, मत असं सगळं हप्त्याहप्त्याने दिलं. दिली नाही ती एकच गोष्ट, जी घर बांधण्याआधीच देता येते आणि नंतर कितीही पैसे ओतले तरी येत नाही: पाण्याला आणि रस्त्याला सोडलेली जागा.

2001 मध्ये राज्याने गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा केला, 1 जानेवारी 2001 पूर्वीच्या बांधकामांसाठी. 2021 मध्ये ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवली. पुणे महापालिकेने त्यानुसार अर्ज मागवले, पण प्रतिसाद थंडच राहिला. त्याचं नवल वाटायचं कारण नाही. शुल्क भरायचं, वास्तुविशारदाकडून नकाशा करायचा, आणि मिळणार काय? लाइट, पाणी, घरपट्टी आधीच आहे. ज्यांची घरं बीडीपीत, डोंगरउतारावर किंवा ओढ्याच्या पट्ट्यात आहेत त्यांना तर अर्जच करता येत नाही, आणि खरा धोका त्यांनाच आहे.

2019 च्या पावसाळ्यातल्या भिंती

पुण्याच्या उतारावर माणसं कशाने मरतात याचा शोध घेतला तर दरडीपेक्षा भिंत जास्त वेळा सापडते. 2019 चा एकच पावसाळा घ्या. 29 जूनच्या पहाटे कोंढव्यात एका मोठ्या सोसायटीची पार्किंगची भिंत खालच्या मजूरवस्तीवर कोसळली, 15 जण गेले. तीन दिवसांनी, 2 जुलैच्या आसपास, आंबेगावात एका कॉलेजची सीमाभिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली, 6 जण गेले. सप्टेंबरात टांगेवाला कॉलनी.

उतारावर सपाट जागा करायची म्हणजे एका बाजूला कापायचं आणि दुसऱ्या बाजूला भरायचं. भराव धरून ठेवायला भिंत लागते. सीमा दाखवायला बांधलेली भिंत एक काम करते, मातीचा दाब पेलायला बांधलेली भिंत दुसरं. दुसरीला जाड तळ लागतो, मागे खडीचा थर लागतो आणि पाणी बाहेर पडायला ठरावीक अंतरावर भोकं लागतात. खर्च वाचवायला पहिलीकडून दुसरीचं काम करून घेतलं जातं. पावसात मागची माती पाणी पिऊन जड होते, भोकं नसल्याने पाणी तिथेच तुंबतं, आणि भिंत बांधासारखी फुटते. वर पार्किंग मंजूर नकाशातलं असतं, खाली झोपड्या बिनकागदाच्या असतात. कोंढवा आणि आंबेगावच्या बळींचं घर अनधिकृत होतं, पण त्यांना मारणारी भिंत कायदेशीर वस्तीची होती. हा तपशील ‘अतिक्रमणाचे बळी’ म्हणताना गळून पडतो.

याच्याही आधीचा इशारा घाटापलीकडे मिळाला होता. 6 जून 2013 रोजी शिंदेवाडीजवळ, कात्रज ओलांडल्यावर महामार्गावर, फोडलेल्या डोंगरावरून आलेल्या लोंढ्यात मोटारीतली आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेली. नैसर्गिक नाला बुजवल्याचा मुद्दा तेव्हा पुढे आला, डोंगर फोडणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. काही महिने सगळे डोंगरफोडीबद्दल बोलत होते.

पायथ्याशी

आता खाली येऊ. दांडेकर पुलाच्या परिसरातल्या, पर्वतीच्या पायथ्याच्या वस्त्या वरच्या गुंठेवारीपेक्षा एक-दोन पिढ्या जुन्या. 1961 च्या पानशेत पुराने उठवलेली आणि 1972 च्या दुष्काळाने गाव सोडायला लावलेली माणसं शहरात जिथे जागा मिळाली तिथे बसली, आणि जागा मिळाली ती टेकडीच्या उतारावर, कालव्याच्या कडेला आणि ओढ्याच्या काठाला. चांगली जमीन आधीच गेलेली होती.

या पट्ट्याने तीन वर्षांच्या आत काय काय पाहिलं ते बघा. 27 सप्टेंबर 2018 ला जनता वसाहतीजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि भर दिवसा पाणी घरांत घुसलं. तेव्हाच्या जलसंपदा मंत्र्यांनी उंदीर, घुशी, खेकड्यांनी कालवा पोखरल्याचं सांगितलं आणि त्यावर बरेच विनोद झाले. विनोदांत एक गोष्ट राहून गेली, की तो कालवा शहरासाठी आणि पुढच्या तालुक्यांच्या शेतीसाठी वाहतो, वस्तीसाठी नाही. बरोबर एका वर्षाने ओढा आला. आणि 24 जून 2021 ला, कोविडच्या काळात, पावसाळा सुरू झालेला असताना, ओढा सरळ करण्यासाठी आणि झोपडपट्टी पुनर्वसनासाठी महापालिकेचे बुलडोझर आले. बायका जेसीबीसमोर आडव्या झाल्या. त्याच दिवशी न्यायालयाने कारवाईला स्थगिती दिली, तोपर्यंत बरीच घरं पडली होती.

ओढा सरळ केल्याने काय होतं हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. वळण काढलं की पाण्याचा वेग वाढतो आणि ते पुढच्या अडथळ्यावर जास्त जोराने आदळतं. इथे पुढचा अडथळा म्हणजे कमी उंचीचे पूल आणि मग मुठेचा काठ. वर पाणी अडवायची, मुरवायची सोय न करता खाली पात्र सरळ करणं म्हणजे उपचार चुकीच्या टोकाला करणं. अर्थात वस्ती तिथेच राहू द्यावी असंही मी म्हणणार नाही. 2019 ची रात्र ज्यांनी पत्र्यावर बसून काढली त्यांतल्या अनेकांना तिथून हलायचंच आहे. त्यांचा प्रश्न कुठे आणि कधी हा आहे. धुण्याभांड्याची कामं सहकारनगरात आणि मुलांची शाळा पर्वतीला असलेल्या बाईला हडपसरच्या पलीकडची खोली परवडत नाही, मग ती फुकट का असेना. हलवलेली कुटुंबं खोली भाड्याने देऊन परत काठाला येतात, आणि मग अधिकारी म्हणतात, बघा, यांना झोपडीच हवी.

पुन्हा वर

2017 मध्ये आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्दसह 11 गावं महापालिकेत आली. 30 जून 2021 ला आणखी 23 गावं आली. त्या तेवीसच्या यादीत मांगडेवाडी, भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी, जांभूळवाडी, कोळेवाडी ही नावं आहेत, म्हणजे कात्रजच्या डोंगराचा सगळा पायथा. आंबील ओढ्याचा उगमच शहरात आला म्हणायला हरकत नाही. क्षेत्रफळाने पुणे तेव्हा राज्यातली सर्वात मोठी महापालिका झाली, याचे अभिमानाने फ्लेक्सही लागले.

गावं महापालिकेत आली खरी, पण त्यांचा आराखडा करायचा अधिकार राज्याने पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे दिला. पीएमआरडीएने प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला, हरकती झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि शेवटी तो आराखडा रद्दच झाला. 1997 नंतर जे घडलं त्याची ही दुसरी आवृत्ती आहे, आणि प्लॉटिंगवाल्याला पहिली तोंडपाठ आहे. आराखडा येईपर्यंतचा काळ हाच त्याचा हंगाम. (पाण्याचंही तेच. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या नव्या गावांत जीबीएसची, म्हणजे मज्जातंतूंवर घाला घालणाऱ्या गुलेन-बारी सिंड्रोमची साथ आली, तेव्हा शुद्धीकरणाविना विहिरीचं पाणी पुरवलं जातंय हे शहराला कळलं. गावकऱ्यांना ते आधीपासून माहीत होतं.)

2019 नंतर ओढ्यावर पैसे खर्च झाले नाहीत असं नाही. सीमाभिंती बांधल्या, पूल रुंद केले, गाळ काढला. ही सगळी कामं कात्रजच्या खालच्या बाजूची. वरच्या बाजूला करायची कामं दिसायला किरकोळ आहेत. डोंगरउतारावर समतल चर, ओहोळांवर छोटे दगडी बांध, कात्रजच्या तलावांतला गाळ, 1:5 (पाच फुटांत एक फूट चढ) पेक्षा तीव्र उतारावर पोकलेन चढला की तलाठ्याने त्याच आठवड्यात पंचनामा. यांतल्या कुठल्याही कामाचं उद्घाटन करता येत नाही, हीच त्यांची अडचण.

आणि एक काम बसल्या जागी होण्यासारखं आहे. कात्रजच्या पायथ्याच्या या पाच गावांतल्या प्रत्येक गटाचा पोटखराब ‘ब’ काढायचा, गावनकाशावरच्या रेघा जमिनीवर मोजून खांब रोवायचे आणि ती यादी सह-दुय्यम निबंधकाच्या टेबलावर ठेवायची, म्हणजे समाईक खरेदीखत नोंदवताना किमान विचारता येईल की यातला ओढा कुठे आहे. नोंदी महसूल खात्याच्या, ओढा महापालिकेचा, माथ्याचा बराचसा भाग वनखात्याचा आणि मोजणी भूमी अभिलेखची, म्हणजे चार खात्यांना एका उतारावर एका दिवशी उभं करावं लागेल. भिलारेवाडी आणि गुजर-निंबाळकरवाडीत अजून मोकळे गट आहेत. काहींवर बोर्ड लागले आहेत, ‘बुकिंग चालू’ असे, खाली मोबाइल नंबर आणि हप्त्यांची सोय.